मुसळ्या डोंगर आणि जव्हारचा ध्वज

उत्तर कोकणातील डोंगरांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला पहिली अडचण येते ती नावांची. एकाच डोंगराला पायथ्याच्या गावात एक नाव असते, देवळाच्या माहात्म्यात दुसरे, आणि जुन्या नकाशांवर तिसरेच. कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका इंग्रजांना नरसाळ्यासारखा वाटला आणि त्यांच्या कागदोपत्री तो 'फनेल हिल' झाला. मलंगगडाच्या कड्यांत त्यांना आपल्याकडील मोठ्या चर्चचे कळस दिसले, म्हणून त्याला 'कॅथीड्रल रॉक' म्हटले गेले. अशा नावांची आज आपल्याला गंमत वाटते. परंतु ती ठेवणाऱ्यांच्या दृष्टीने तो गमतीचा भाग नव्हता. होकायंत्र आणि दोरीला बांधलेले शिसे यांच्या भरवशावर किनाऱ्यालगत जहाज हाकणाऱ्याला आपण नेमके कोठे आहोत हे सांगणारी खूण म्हणजे किनाऱ्यामागचा डोंगर. त्या खुणेला नाव हवे, आणि ते आपल्या जिभेवर चटकन येणारे हवे, एवढीच त्याची गरज होती.

ही गोष्ट लक्षात घेतली की डहाणू तालुक्यातील महालक्ष्मीच्या डोंगराविषयी आणि त्याच्या जव्हारशी असलेल्या नात्याविषयी काही निराळे प्रश्न विचारता येतात. डोंगराचे नाव कोण ठेवतो? ठेवलेल्या नावांपैकी कोणते टिकते? आणि शिखरावर जाण्याचा हक्क कोणाचा, या प्रश्नाशी नावाचा काही संबंध असतो काय? प्रस्तुत लेखात याच प्रश्नांचा विचार करायचा आहे. परंतु त्याआधी थोडे उत्तरेला, संजाणच्या किनाऱ्यावर जाऊन यावे लागेल. कारण समुद्रावरून ठेवलेल्या नावाचे पुढे काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण तेथे आहे.

संजाण आज गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात आहे, महाराष्ट्राच्या सीमेला अगदी लागून. अरब भूगोलकार या बंदराला 'सिंदान' म्हणत. डहाणूजवळच्या चिंचणी येथे सापडलेल्या इ. स. ९२६ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात 'संयान मंडल' असा उल्लेख येतो, आणि राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या वतीने त्या मंडलाचा कारभार पाहणारा अधिकारी मधुमती हा अरब मुसलमान असल्याचे त्यातून कळते. 'मधुमती' हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप. संजाण बंदराचा व्यापार किती दूरवर पसरला होता याची यावरून कल्पना यावी. पारशांच्या 'किस्सा-ए-संजाण' या फारसी काव्यात मात्र या गावाचे नाव आपल्याच पूर्वजांनी ठेवले, असे सांगितले आहे. नवसारीच्या बहमन कैकोबाद यांनी हे काव्य १६०० च्या सुमारास रचले. नाव आधीचे की पारशांनी आणलेले, हा वाद येथे बाजूला ठेवू. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढेच आहे.

इंग्रज खलाशी या किनाऱ्याने सुरतेला ये-जा करू लागले तेव्हा 'संजाण' हा शब्द त्यांच्या कानांना 'सेंट जॉन' असा ऐकू आला. सुरतेच्या इंग्रज वखारीतील पाद्री हेन्री लॉर्ड याने १६३० साली पारशांवर पुस्तक लिहिले, तेव्हा हे लोक जेथे उतरले ती भूमी त्याने 'सेंट जॉन्स'चीच म्हणून सांगितली. संजाणच्या पाठीमागे दिसणारा उंचवटा नकाशांवर आणि मार्गदर्शिकांत 'सेंट जॉनचा उंच प्रदेश' झाला. म्हणजे ज्या किनाऱ्यावर अरब अधिकाऱ्याने राष्ट्रकूटांचा कारभार पाहिला आणि ज्याला पारशी आपले पहिले भारतीय घर मानतात, त्याला केवळ उच्चाराच्या साम्यामुळे एक ख्रिस्ती संत चिकटला. यूल आणि बर्नेल यांना आपल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या कोशात या नावाची वेगळी नोंद घ्यावी लागली, आणि इंग्रज खलाशांचा हा अपभ्रंश नकाशांवर दीर्घकाळ टिकून होता, असे सांगावे लागले.

तो आता टिकून नाही. कोणा राष्ट्राभिमान्याने तो पुसला असेही नाही. दीपगृहे वाढली, किनाऱ्याची मोजणी नेमकी झाली, जहाजे किनारा सोडून खोल समुद्रातून जाऊ लागली, आणि डोंगर पाहून जागा ओळखण्याची निकड संपली. निकड संपताच नावही संपले. या नावाने पुकारले म्हणून कोणी कधी त्या डोंगरावर चढले नव्हते. ते दुरून पाहणाऱ्यांचे नाव होते.

त्याच परिसरात, आपल्या बाजूच्या डहाणू तालुक्यात, आणखी एक डोंगर आहे. बोर्डी-घोलवडच्या मागे अस्वालीच्या धरणाकडून त्यावर वाट चढते. गावकरी त्याला बारडा म्हणतात, आणि पारशी बहरोट. गुजरातच्या सुलतानाच्या सैन्याने संजाण जिंकले तेव्हा पारशांनी आपला पवित्र अग्नी घेऊन याच डोंगराचा आश्रय केला आणि बारा वर्षे तो येथे जपला, असे किस्सा सांगतो. हा पाडाव १३९३ चा की १४६५ चा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पुढे हा अग्नी वांसदा, नवसारी असे मुक्काम करीत १७४२ मध्ये उदवाड्यास स्थिरावला. बहरोटची उंची सुमारे १५०० फूट. माथ्याजवळ कातळात खोदलेल्या गुहा आहेत, आणि पारशी भाविक आजही धापा टाकीत तेथवर जातात. येथे नाव टिकले, कारण त्याच्या मागे एक ग्रंथ आहे आणि त्या ग्रंथावर श्रद्धा ठेवून चढणारी पावले आहेत. 'सेंट जॉन' आणि 'बहरोट' एकाच क्षितिजावरची नावे. पहिले निव्वळ नजरेचे म्हणून गेले, आणि दुसरे चढणीचे म्हणून राहिले.

आता महालक्ष्मीकडे वळू. मुंबई-अहमदाबाद महामार्गाने चारोटी नाका ओलांडून उत्तरेला निघाले की चार-पाच किलोमीटरवर विवळवेढे लागते. महालक्ष्मीचे खालचे मंदिर अगदी रस्त्यालगत आहे. पूर्वेला, सपाटीतून एकदम उठलेला आणि माथ्यावर कातळाची उभी शेंडी असलेला डोंगर दिसतो. त्याची उंची सुमारे १५०० फूट. सह्याद्रीच्या मानाने ही उंची काहीच नव्हे. कळसूबाई याच्या साडेतीनपट भरेल. परंतु आजूबाजूला बरोबरीचे काही नसल्यामुळे तो आहे त्याहून उंच वाटतो, आणि त्याच कारणाने समुद्रावरूनही नजरेत भरतो.

या डोंगराला गावात मुसळ्या म्हणतात. माथ्यावरचा कातळ उभ्या मुसळासारखा, म्हणून मुसळ्या. कर्नाळ्यात नरसाळे पाहणाऱ्या इंग्रजाने जे केले तेच येथील वारल्यांनी आणि कोळ्यांनी केले, असे कोणी म्हणेल. दोन्ही नावे आकारावरूनच पडली. फरक आहे तो मुसळ ज्याच्या घरात रोज उखळीत पडते त्याने ते नाव ठेवले एवढाच. आणि तो लहान नाही.

दुसरे नाव महालक्ष्मी, किंवा नुसता 'गड'. गड म्हणण्यासाठी तट-बुरूज लागतातच असे नाही. देवीचे ठाणे उंचावर असले की आपण त्या स्थानाला गड म्हणतो. वणीच्या सप्तशृंगीचाही गडच आहे. खालचे मंदिर ते पायथ्याचे, आणि वरचे ते 'गडावरचे'. ही दोन मंदिरे का झाली याची जी कथा सांगतात, ती मला या डोंगराच्या इतिहासात फार मोलाची वाटते. एक भक्त स्त्री गरोदरपणीही नेमाने देवीच्या दर्शनाला डोंगर चढत असे. एकदा अर्ध्या वाटेवर तिला घेरी आली. तेव्हा देवीने तिला सांगितले, की तू आता वर येऊ नकोस, मीच खाली येते. अशा तऱ्हेने देवी पायथ्याशी आली. महाराष्ट्रात गडावरून खाली उतरलेल्या दैवतांच्या कथा पुष्कळ आहेत, आणि बहुतेक ठिकाणी भक्ताचे थकलेले शरीर हेच उतरण्याचे कारण असते. परंतु येथे देवीने शिखर सोडले, तरी शिखराचे महत्त्व कमी झालेले नाही. भाविक खाली थांबू लागला, तरी माथ्यावर जाणारा कोणी तरी उरलाच पाहिजे अशी व्यवस्था लोकांनी करून ठेवली. ती व्यवस्था म्हणजे ध्वज.

चैत्र पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी, महालक्ष्मीची यात्रा सुरू होते आणि पंधरा दिवस चालते. किनाऱ्यावरचे मच्छीमार, जंगलपट्टीतील वारली, कोळी, धोडिया, दुबळा आणि गुजरातेतून येणारे भाविक अशी ही मिश्र यात्रा आहे. पौर्णिमेच्या मध्यरात्री वाघाडी गावचा पुजारी ध्वज घेऊन निघतो आणि पहाटेच्या आत मुसळ्याच्या शेंडीवर तो लावून परततो. भाविकांसाठी बांधलेल्या पायऱ्या गडावरच्या मंदिरापर्यंतच जातात. त्यापुढचा कातळ सामान्य माणसाचे काम नव्हे. हा मान वाघाडीच्या एका आदिवासी कुटुंबाकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आणि ध्वज येतो तो जव्हारच्या मुकणे राजघराण्याकडून.

येथे वाचकाने क्षणभर थांबून नकाशा आठवावा. जव्हार येथून पूर्वेला, घाटवाटांच्या वर, पठारावर वसलेले गाव आहे. तेथील राजाचा ध्वज खाली किनारपट्टीजवळच्या डोंगरावर काय म्हणून लागावा?

याचे उत्तर जव्हार संस्थानच्या इतिहासात आहे. मुकणे हे महादेव कोळी. इगतपुरीच्या बाजूला थळ घाटाजवळ मुकणे येथे त्यांची लहानशी गढी होती. घराण्याचा मूळपुरुष जयबा याने जव्हारचे राज्य वारली नायकाकडून मिळवले असे परंपरा सांगते. बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच भूमी त्याने मागितली, आणि होकार मिळताच कातड्याची बारीक वादी काढून तिने सारा मुलूख वेढला. हीच युक्ती कार्थेजची राणी डिडो हिच्या नावावरही सांगतात. म्हणजे कथा फिरस्ती आहे. परंतु तिच्यातील कबुली स्थानिक आहे: राज्य होण्यापूर्वी ही जमीन वारल्यांची होती, हे राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या कथेतच मान्य केलेले आहे. जयबाचा मुलगा नेमशहा याला १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाकडून राजा म्हणून मान्यता आणि 'शहा' हा किताब मिळाला. त्या काळी या राज्यात बावीस किल्ले होते आणि त्याचा विस्तार आजच्या उत्तर ठाणे-पालघरपासून नाशिकच्या सीमेपर्यंत होता, असे सांगितले जाते.

मग ते राज्य आक्रसत गेले. पोर्तुगीजांनी किनारा घेतला आणि १५५६ मध्ये महालक्ष्मीच्या दक्षिणेचा अशेरीगडही घेतला. सुरतेच्या पहिल्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज १६६४ च्या आरंभी जव्हारजवळ थांबले आणि राजा विक्रमशहाने त्यांचे स्वागत केले, अशी आठवण शिरपामाळ या स्थळाशी जोडलेली आहे; शिरपेच दिला गेला म्हणून शिरपामाळ, अशी त्या नावाची उपपत्ती. परंतु १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतलेच. पुढे पेशवाईत खंडणी आणि प्रदेशाची कापणी चालू राहिली. १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर किनारा मराठ्यांकडे आला, आणि १८१७-१८ मध्ये इंग्रजांकडे. इंग्रजी अमलात जव्हार हे सुमारे ३१० चौरस मैलांचे डोंगरी संस्थान उरले. डहाणू तालुका इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात, शेजारचे मोखाडाही ठाणे जिल्ह्यातच शहापूरला जोडलेले, आणि मध्ये हे संस्थान.

म्हणजे जव्हारच्या राजाची सत्ता ज्या डोंगरावरून केव्हाच उठली होती, त्या डोंगरावर त्याचा ध्वज दरवर्षी एका रात्रीत चढत होता. महालक्ष्मी ही मुकणे घराण्याची कुलदेवता, एवढे धार्मिक स्पष्टीकरण त्याला पुरेसे आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्यात आणखी काही दिसते. तह, खंडण्या आणि मोजणीचे नकाशे यांनी ठरवलेली सीमा एक, आणि यात्रेने ठरवलेली दुसरी. पहिली शंभर-सव्वाशे वर्षांनी बदलत गेली, आणि दुसरी ध्वजाच्या काठीबरोबर जशीच्या तशी उभी राहिली. १९४८ मध्ये, शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या कारकिर्दीत, संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि डहाणू, जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे सारे एका छत्राखाली आले. ध्वजाच्या वाटेवरची जुनी सरहद्द विलीनीकरणाबरोबरच नाहीशी झाली होती. ध्वज मात्र तिची वाट पाहत थांबला नव्हता.

या चित्राला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख अपुरा राहील. ध्वज राजाचा, पण चढणारे पाय राजाचे नव्हेत. सप्तशृंगीलाही असेच आहे: चैत्राच्या चतुर्दशीच्या रात्री आणि दसऱ्याला तेथील दुर्गम शिखरावर कीर्तिध्वज लावतात तो दरेगावच्या गवळी कुटुंबातील माणूस. मान मोठा, यात शंका नाही. परंतु मान आणि सत्ता या दोन गोष्टी आपल्या समाजरचनेने फार काळजीपूर्वक वेगळ्या ठेवल्या. ज्या वारल्यांच्या हातून शिखरे, झरे, देवस्थाने यांची ओळख बाहेरच्यांना झाली, तेच विसाव्या शतकापर्यंत सावकार-जमीनदारांकडे वेठीने राबत होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी आयुष्यभर 'लग्नगडी' होऊन राहणारी जोडपी याच डहाणू-उंबरगाव भागातली. १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी लाल बावटा हाती घेतला आणि वेठ नाकारली. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकामुळे तो लढा मराठी वाचकाला परिचित आहे. दुसऱ्याचा ध्वज शिखरावर नेणाऱ्या समाजाने स्वतःचा म्हणून उचललेला तो पहिला झेंडा, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

देवीच्या नावाचाही असाच विचार करावा लागतो. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या १९६२ च्या ग्रंथात दाखवून दिले, की आपल्या वाटांवरची, खिंडींतली आणि डोंगरांवरची अनेक देवीस्थाने फार जुनी आहेत, आणि पुराणातील मोठ्या देवतांची नावे त्यांना मागाहून मिळाली. मुसळ्यावरची देवी कोल्हापूरहून आली असे सांगणारे आहेत, आणि ती येथलीच असे मानणारेही आहेत. कोल्हापूरशी नाते जोडल्याने तिची प्रतिष्ठा वाढते, हे खरे. परंतु डोंगराचे नाव मात्र अजून मुसळ्याच आहे. संस्कृत नाव देवीला मिळाले, आणि डोंगराने आपले बोलीतले नाव सोडले नाही. कळसूबाईची गोष्ट याहून निराळी: तेथे महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराला एका कोळी मुलीचे नाव मिळाले आणि ते कोणालाही बदलावेसे वाटले नाही. दोन्ही ठिकाणी धडा एकच आहे. पायथ्याशी राहणाऱ्यांची जीभ जे नाव रोज घेते, त्याला राजाश्रयाची किंवा पुराणाश्रयाची गरज पडत नाही.

जव्हार-मोखाड्याच्या पठारावर गेले की हेच दुसऱ्या तऱ्हेने पटते. जव्हारची उंची सुमारे १४५० फूट आहे, म्हणजे मुसळ्याच्या माथ्याच्या जवळजवळ बरोबरीची. किनाऱ्यावरून जो डोंगर आभाळात घुसल्यासारखा वाटतो, तो जव्हारच्या उंचीवर राहणाऱ्याला डोके वर करून पाहावा लागत नाही. म्हणूनच की काय, वरच्या मुलखातील नावांत सुळका, शेंडी यांच्यापेक्षा 'माळ' अधिक ऐकू येतो: जव्हारचा शिरपामाळ, मोखाड्याचा सूर्यमाळ. खालच्याला जे शिखर, ते वरच्याला अंगण. नाव हे वस्तूचे जितके असते तितकेच पाहणाऱ्याच्या उभे राहण्याच्या जागेचेही असते.

आज डहाणूजवळ वाढवण येथे मोठे बंदर उभे राहत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. मोठी जहाजे पुन्हा या किनाऱ्याकडे येतील. त्यांना दिशा दाखवण्यासाठी डोंगराची गरज पडणार नाही. उपग्रह ते काम करतील, आणि म्हणून कोणी मुसळ्याला नवे इंग्रजी नाव देण्याच्या फंदातही पडणार नाही. धोका असलाच तर तो दुसऱ्या बाजूने आहे. भटकंतीच्या नव्या हौसेने उत्तर कोकणातील प्रत्येक सुळक्याची नोंद होऊ लागली आहे, ही चांगलीच गोष्ट. परंतु या नोंदींत उंची, चढाईची श्रेणी आणि लागणारा वेळ येतो, आणि गावातले नाव, ते ठेवणारे लोक आणि माथ्यावर जाण्याचा त्यांचा परंपरागत मान गळून पडतो. जाणाऱ्याने चारोटीहून विवळवेढ्याला जावे, पायऱ्यांनी गडावरच्या मंदिरापर्यंत चढावे, आणि वरच्या कातळाला हात लावण्याआधी वाघाडीत त्याचे नाव विचारावे. 'सेंट जॉन' आता केवळ जुन्या कोशात सापडतो. चैत्र पौर्णिमेच्या पहाटे मुसळ्यावर फडकणारा ध्वज पाहण्यासाठी कोश उघडावा लागत नाही.